बिनपिसाचा तीर

पेठची पहाटगाडी सावळघाट चढते तेव्हा
माझ्या खिशात बारा टोकं असतात,
अंबडच्या लेथवर, दुसऱ्या पाळीच्या जेवणसुट्टीत कातलेली.
बाराही एका वजनाची.
मायक्रोमीटरला विचारा.

करंजाळीच्या पुढच्या पाड्यावर
धवळूमामा त्यातलं एक दातांत धरतो,
म्हणतो, लोखंड बरं आहे. काड्या काढ.

काड्या माळ्यावर.
दिवाळीनंतरच्या अवसेला तोडलेल्या,
चांदण्यात तोडली की भुंगा लागतो म्हणून.
अडीच महिने चुलीचा धूर प्यायल्यात,
आता रंग जुन्या चहागाळणीचा.

निखारा फुंकायचा, पेटू द्यायचा नाही.
वाक जिथे दिसतो तिथे नाही,
जिथे सुरू होतो तिथे ऊब द्यायची.
एवढं कळायला मला दोन हिवाळे लागले.
पहिल्या हिवाळ्यात एकोणीस काड्या कोळसा झाल्या.
मामीने त्यांच्यावर भाकरी भाजली,
बोलली काही नाही,
पहिली भाकरी मात्र मलाच वाढली.

सरळ झाली वाटली की
अंगठ्याच्या नखावर उभी धरून फिरवायची.
गुणगुणली तर ठीक,
टकटकली तर परत विस्तवाकडे.
कारखान्यात याला रनआऊट म्हणतात
आणि त्यासाठी साडेचार हजारांचा डायल लावतात.
मामाचं नख विळ्याने अर्धं नेलेलं आहे.
उरलेल्या अर्ध्यावर भागतं.

पिसं पूर्वी गिधाडाची असत.
हे मामा आभाळाकडे न बघता सांगतो.
आता कोंबड्याची, बाजाराच्या दिवशी मागून आणलेली.
तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची हवीत;
डावं-उजवं एकत्र बसवलं
तर तीर वाटेतच स्वतःशी भांडतो.
बांधायला येवल्याहून आणलेला
संक्रांतीचा उरलेला साधा दोरा, काच न लावलेला.

पण पिसांच्या आधी जे असतं
त्याला मी अजून घाबरतो.
टोक बसवून, पीस न लावता
वीस पावलांवरून पेंढ्याच्या गोणीवर तीर सोडायचा.
पीस चुका झाकतं.
उघडा तीर चारचौघांत सगळं सांगून टाकतो.
डावीकडे गेला: काडी ताठ आहे, तासून बारीक कर.
उजवीकडे गेला: नरम आहे, बोटभर आखूड कर.
तासलेलं परत चिकटत नाही, कापलेलं वाढत नाही,
म्हणून करवत माझ्या हातात देऊन
मामा तंबाखू मळायला बसतो.

दुपारपर्यंत अकरा जमले.
बारावा उजवीकडे.
कापला. उजवीकडे.
पुन्हा कापला. थोडा कमी, पण उजवीकडेच.
तिसऱ्यांदा करवत लावली तेव्हा
मामा खाली बघतच म्हणाला,
आता ओढशील तर टोक बोटात घुसेल.

मी तो पडवीच्या कुडाला टेकवला.
मनात त्याचं सरपण केलं होतं.

हर्षाली, मामाची नात, सहावीतली,
शाळेचा गणवेश अजून अंगावर,
तिने तो उचलला, विचारलंही नाही.
तिचा कमठा म्हणजे
माझ्या कमठ्याच्या निम्म्या ताकदीचा,
हात आखूड, ओढ कानापर्यंत पोचत नाही.
सोडला.
गोणीत गेला. मधोमध नाही, वरच्या कोपऱ्यात,
पण शेपूट थेट तिच्याकडे,
जशी काडीच तिला बघत होती.

मामाने मान वर केली नाही.
आवाज ऐकला,
हाताची तंबाखू ओठाआड सारली.
हर्षाली तीर उपटायला धावली,
कुत्रं तिच्या मागे.

संध्याकाळच्या गाडीला अवकाश होता.
अकरा तीर मी जुन्या बारदानात गुंडाळत होतो.
मामा म्हणाला, पुढच्या खेपेला टोकं एकसारखी आणू नको.
काडी बघून कर.

मी म्हटलं, मग आताच माप द्या ना,
हलकी किती, जड किती, लिहून घेतो.

तो उठला, धोतर झटकलं,
म्हणाला,
अजून तोडल्या कुठे आहेत.